सतरा एकांची संख्या

ओरत्तनाडुहून तंजावूरला येणारी बस रेल्वे फाटकापाशी थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत दिव्यश्री म्हणाली, "आजोबा, तुमचा नंबर डिवाइड होतो." हनुमंतरावांना आधी काही कळलं नाही. धाकट्या भावाच्या, अप्पाजीच्या, नातवाच्या बारशाचं जेवण अंगावर आलं होतं, मांडीवर नारळ-केळ्यांची पिशवी होती, आणि शेजारच्या बाईचं टोपलं त्यांच्या गुडघ्याला टोचत होतं. "कुठला नंबर?" त्यांनी विचारलं. "तोच. सेवन्टीन वन्स. आत्तां जेवतांना गोष्ट सांगितलांत ना, आजीची? मी सहज टाकून बघितलें." तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, डोळ्यांवर चढवला. सतरा एक ओळीनं उभे होते, आणि त्यांच्याखाली दोन संख्या, मध्ये गुणाकाराचं चिन्ह. २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. सगळ्याला मिळून पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नव्हता, असं ती म्हणाली. हनुमंतरावांनी सवयीनं लहान संख्येचा शेवटचा आकडा पाहिला. तीन. म्हणजे चंद्रमतीच्या, बायकोच्या, वाट्याची. त्यांनी चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर कालव्याच्या काठानं एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, सायकल चालवायचं सोडून.

चालत जाण्याइतकं अंतर असतं तर ते उतरून चालत गेले असते. पण एकाहत्तराव्या वर्षी माणूस बसमध्ये बसून राहतो. सव्वीस वर्षं, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि लगेच दुरुस्त केलं: सव्वीस वर्षं दोघांनी, आणि त्यापुढची दोन एकट्यानं. सुरुवात मार्गळी महिन्यातल्या, ऐन थंडीतल्या, एका सकाळी झाली होती. ते कॉलेजात गणित शिकवत. कॉफीचा पेला हातात धरून दारात उभे होते, आणि चंद्रमती उंबऱ्यासमोर उकिडवी बसून कोलमचे, पिठाच्या रांगोळीचे, ठिपके घालत होती. एका ओळीत सतरा. त्यांनी मास्तरकी केली. म्हणाले, सतरा ठिपक्यांच्या सारख्या ओळी करता यायच्या नाहीत, सतराला कशानं भाग जात नाही. तिनं वर न पाहता बोटांतून पीठ सोडत विचारलं, "आणि हे ठिपके नव्हे, त्यांच्या जागीं एक एक असा आंकडा मांडला, आणि सगळे मिळून एकच नंबर वाचला, तर त्यास भाग जाईल?" त्यांना उत्तर माहीत नव्हतं. शाळेत अकरावीपर्यंत शिकलेल्या, तमिळ वाचणाऱ्या, मराठी फक्त बोलणाऱ्या बायकोनं विचारलेला प्रश्न, आणि एमएस्सी झालेल्या नवऱ्याला उत्तर येत नाही. कॉफी निवेपर्यंत ते दारातच उभे राहिले. संध्याकाळी घरी येताना त्यांनी दोन जाड वह्या आणि एक नोंदीची मोठी वही आणली.

उत्तर कुठल्यातरी पुस्तकात असणार हे त्यांना ठाऊक होतं. पुढे कॉलेजात संगणक आले, मग घरात फोन आला, आणि उत्तर दिवसेंदिवस जवळ सरकत गेलं. पण त्यांनी ठरवलं होतं, पुस्तकाला विचारायचं नाही, यंत्राला विचारायचं नाही. कोडं सोडवायला बसायचं आणि पान उलटून उत्तर बघायचं, यात काय पुरुषार्थ. एवढं मात्र त्यांनी कागदावर सिद्ध करून तिला समजावलं होतं, की या संख्येला भाग जायचाच असेल तर तो असल्यातसल्या मूळ संख्येनं जायचा नाही. चौतिसाच्या पटीत एक मिळवला की जी संख्या येते, तसल्याच मूळ संख्येनं जाईल. त्यामुळे काम पुष्कळ कमी झालं. एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, अशी यादी ते रविवारी करून ठेवत. शेवटी एक किंवा सात असलेल्या संख्या त्यांच्या, तीन किंवा नऊ असलेल्या तिच्या. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की जेवणाच्या मेजाशी समोरासमोर बसायचं, आपापल्या वहीत एकेक भागाकार करायचा. वरून उतरवायचा आकडा नेहमी एकच, नेहमी एक. झालं की पेन खाली ठेवायचं. ते विचारायचे, "उरलें?" ती म्हणायची, "उरलें." मग ती विचारायची, "तुमचें?" आणि ते म्हणायचे, "माझेंही." मोठ्या वहीत दोघांच्या दोन खुणा पडायच्या आणि ती ताटं घ्यायला उठायची. एकदा त्यांनी हिशेब करून सांगितलं होतं, की भाग जातच नाही अशी खात्री करून घ्यायची तर साडेदहा कोटींपर्यंत जावं लागेल, आणि आपल्या चालीनं त्याला आठशे वर्षं लागतील. ती म्हणाली होती, "आठशें? मग घाई काय आहे." त्या उत्तरावर ते कितीतरी दिवस खूश होते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती तेव्हा, आणि त्याआधी आपण संध्याकाळी समोरासमोर बसून काय करत होतो, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही.

गोष्ट मात्र दुसरीच होती, लोकांना आवडायची ती. सत्त्याण्णव सालची. यादी लाखाच्या थोडी पुढे गेली होती. एका संध्याकाळी चंद्रमती खुर्ची मागे सारून उभीच राहिली आणि म्हणाली, "शून्य आलें." तिच्या गालाला शाई लागली होती. ती देवापाशी जाऊन दिव्यात तेल घालून आली, वाटीत साखर घेऊन आली, त्यांच्या हातावर ठेवली, आणि मग त्यांनी वही ओढून पाहिली. सहाव्या ओळीत वजाबाकी करताना ती हातचा विसरली होती. तेवढ्या एका चुकीवर खालचं सगळं रचत जाऊन अगदी शेवटी शून्य आलं होतं. ते हसले. तोंडात साखर होती, त्यामुळे ठसका लागला, पाणी प्यावं लागलं, आणि पाणी पिऊन पुन्हा हसले. तीही हसली होती, असं ते गोष्टीत सांगत. पुढच्याच महिन्यात अप्पाजीकडे मुंज होती. पंगतीत विषय निघाला, आणि त्यांनी ही हकिकत अशी काही रंगवली की वाढपी भांडी घेऊन जागच्या जागी थांबले. तिचं तेल घालणं, तिची साखर, आपला ठसका. शेवटी ते म्हणाले, "आमची चंद्रमती नव्हे, शून्यमती." तेव्हापासून ते नाव तिला चिकटलं. लग्नकार्यात पोरंसोरं सुद्धा विचारायची, शून्यमती काकी कुठं आहेत. ती वाढता वाढता म्हणायची, "आहे, आहे, इथेंच आहे." आजही, ती जाऊन दोन वर्षं झाल्यावर, अप्पाजीनं पानावरूनच हाक मारली होती, "अण्णा, वहिनींची गोष्ट होऊं द्या." आणि त्यांनी ती होऊ दिली होती. आता चांगली घोटली गेली होती. कुठे थांबायचं, कुठे ठसका काढून दाखवायचा, सगळं बसलं होतं. चेन्नईची मंडळी वाटेत अडकली म्हणून अप्पाजीनं वर बजावलं होतं, ती संध्याकाळी पोचली की फोन लावतो, त्यांनाही ऐकवायची.

फाटक उघडलं. बस हलली तसं टोपलं पुन्हा गुडघ्याला टोचायला लागलं. दिव्यश्री त्यांच्या मुलीची मुलगी. इथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे म्हणून दीड वर्ष त्यांच्याकडे राहत होती. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलताना तिची गाडी तीन भाषांतून जायची. "सॉरी आजोबा," ती हळूच म्हणाली, "मी टाकायला नको होतें." ते म्हणाले, "त्यात काय. उत्तर तें उत्तर." पण मनात हिशेब सुरू झाला होता. वीस लाख एकाहत्तर हजार. ते तर आता सव्वीस लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेले होते. म्हणजे ती संख्या केव्हाच मागे पडली होती, तिच्या हयातीत, तिच्या वहीत, आणि तिनं त्या संध्याकाळी सुद्धा म्हटलं होतं, उरलें. त्यापुढची सगळी वर्षं दोघं रिकाम्या विहिरीत पोहरा सोडत बसली होती. आणि ती गेल्यावर ते एकटे. तिच्या वाट्याचे तीन आणि नऊ सुद्धा त्यांनी आपल्याकडे घेतले होते, मान दुखायची, एकेका संध्याकाळी दोन दोन भागाकार, आणि पेन खाली ठेवल्यावर विचारायला कोणी नाही. दमले होते ते. खरं तर ती गेल्यावर आठ दिवसांतच दमले होते. पण थांबलं तर समोरची खुर्ची नुसती खुर्ची होईल, या भयानं थांबले नव्हते. बस ओढ्यावरून जाताना त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि तिची त्यांना लाज वाटली: अखेर चूक तिचीच निघाली, असं एक बारीक समाधान. पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचं. ते समाधान त्यांनी ताबडतोब दूर लोटलं, तरी ते येऊन गेलं ते गेलंच.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि कपडेही न बदलता मोठी वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. २०७१७२३. पुढे तिची खूण. तिच्या सगळ्या खुणा असायच्या तशीच, थोडी उजवीकडे कललेली. तारीख अठरा जुलै दोन हजार सतरा, मंगळवार. त्यांनी त्या संध्याकाळी काय घडलं ते आठवून पाहिलं. आडी महिना, वाऱ्याचे दिवस, म्हणजे दारातून धूळ येत असणार. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत बसली होती का? आपण मध्येच म्हणालो होतो का, शून्यमती, झालें की नाहीं? म्हणालो असू. रोजच काहीतरी म्हणायचो. ती पाण्याला म्हणून उठली होती, दोनदा उठली होती, असं त्यांना दिसायला लागलं, पण ते आठवत होतं की ते आत्ताच तयार करत होते, याचा भरवसा त्यांना देता येईना. एकमेकांची वही बघायची नाही, असा नियम होता. तो सत्त्याण्णवनंतर तिनंच केला होता. म्हणाली होती, "तुम्ही माझी वही बघूं नका, मी तुमची बघत नाहीं. तोंडानें सांगूं तें खरें." त्यांना तेव्हा तो नियम फार आवडला होता. विश्वासाचा वाटला होता. तिच्या वह्या तिच्या लुगड्यांखाली ट्रंकेत होत्या आणि ती गेल्यावरही त्यांनी त्यांना हात लावला नव्हता. आता त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. गुडघे मोडून खाली बसायला मिनिटभर लागलं. लुगड्यांना अजून वाळ्याचा वास होता. एकेक वही काढून ते वरची तारीख बघत गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना पहिल्यांदाच तिच्यावर राग आला. एवढ्या नेटक्या हाताच्या बाईनं नेमका इथंच हातचा विसरावा.

सतरा सालची वही मिळाली. अठरा जुलैचं पान. ते तिथेच जमिनीवर पलंगाला टेकून बसले आणि ओळीनं तपासत खाली आले, बोट ठेवून, पोरांच्या पेपरावर ठेवत तसं. पहिला पाच. उरले सात लाख बावन्न हजार चारशे शहाण्णव. बरोबर. एक उतरवला. तीन. बरोबर. सहा. बरोबर. तीन. मग ओळीनं तीनदा दोन, आणि तिन्ही वजाबाक्यांत हातचा घेतल्याचा बारीक ठिपका. तिनं सत्त्याण्णवनंतर तो ठिपका घालायला सुरुवात केली असावी, प्रत्येक ठिकाणी, एकही न चुकवता. तीन. पाच. शेवटी उरलं एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट. सातानं गुणून तिनं त्याच्याखाली लिहिलं होतं, एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट. तोच आकडा दोनदा, एकाखाली एक. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली शून्य.

त्यांना वाटलं, आपण पान चुकलो. पण पान तेच होतं. त्याच्या शेजारी, अर्ध्या पानात बारीक अक्षरात, तोच भागाकार पुन्हा केला होता. पुन्हा शून्य. पान उलटलं तर तिसऱ्यांदा. या खेपेला शाई वेगळी होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी, ते झोपले असताना केला असेल. शून्य. त्याच्याखाली दोन्ही संख्यांचा उलट गुणाकार, आडवा, पानभर, आणि बेरजेच्या ओळीत सतरा एक, एका रांगेत, कोलमच्या ठिपक्यांइतके सारख्या अंतरावर. आणि सगळ्यात खाली तमिळ अक्षरांत एक मराठी ओळ. हनुमंतरावांनी ती ओठ हलवत वाचली. "कुठेंतरी हातचा चुकला असणार. मला सांपडत नाहीं." पुढच्या पानावर एकोणीस जुलै, यादीतली पुढची संख्या, नेहमीचा भागाकार, नेहमीची बाकी.

त्यांनी पान पुन्हा मागे उलटलं. रागाचं काय करावं हे त्यांना कळेना, कारण तो आता तिच्यावर राहिला नव्हता. तिनं प्रेमानं लपवलं, असं ते एकदा मनाशी जुळवून बघत होते. संध्याकाळ मोडू नये म्हणून, समोरासमोर बसणं चालू राहावं म्हणून. तसं असतं तर सोसलं असतं, उलट डोळ्यांत पाणी आणून सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट झाली असती. पण खाली ओळ होती. मला सांपडत नाहीं. तिनं काही लपवलं नव्हतं. तिचा स्वतःच्या हातावर विश्वासच उरला नव्हता. तीनदा शून्य आलं, गुणून ताळा बसला, आणि तरी तिला खरी वाटली ती पंगत, ते वाढपी, तो ठसका. आपल्या हसण्यापुढे तिला गणित खोटं वाटलं. ती बरोबर आहे हे तिला सांगू शकेल असा एकच माणूस त्या घरात होता, आणि तो मेजापलीकडे हातभर अंतरावर बसून विचारत होता, उरलें? त्यावर ती काय म्हणणार.

दिव्यश्री पेल्यात कॉफी घेऊन दारात आली. ट्रंक उघडी, लुगडी जमिनीवर, आजोबा धुळीत. ती खाली बसली, कॉफी पुढे सरकवली. "चूक मिळाली का?" तिनं विचारलं.

"चूक नाहीं," हनुमंतराव म्हणाले. "तिला मिळालें होतें. सात वर्षांमागें. हें बघ."

तिनं वही घेतली. भागाकार तिनं पाहिला, खालची ओळ वाचली, तमिळ अक्षरं असल्यानं तिला त्यांच्यापेक्षा लवकर वाचता आली. "मग सांगितलें कां नाहीं आजीनें?"

"मी हसेन म्हणून."

 दुपारी दिव्यश्रीही हसली होती, सगळ्यांबरोबर. आता ते तिला आठवलं असावं, कारण तिनं मान खाली घातली आणि वहीच्या पानाचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ करत बसली. "आजोबा, कॉफी निवते," ती म्हणाली. त्यांनी पेला उचलला. बाहेर देवळाच्या बाजूनं कुठल्यातरी सभेचा लाउडस्पीकर सुरू झाला होता. दिवा लावायची वेळ झाली होती, आणि मेजावर त्यांची वही तशीच होती, आजच्या दोन संख्या रविवारीच मांडून ठेवलेल्या. त्या आता करायच्या नव्हत्या. एवढं काम हलकं झालं तरी त्यांना हलकं वाटत नव्हतं. हात धरून दिव्यश्रीनं त्यांना उठवलं, खुर्चीत बसवलं. समोरच्या खुर्चीत ती बसली नाही, बाजूला स्टूल ओढून बसली. त्यांनी मोठी वही पुढे घेतली, २०७१७२३ पुढची कललेली खूण शोधली, तिला हात न लावता तिच्याशेजारी शून्य लिहिलं आणि पुढे तारीख घातली, आजची नव्हे, त्या मंगळवारची.

तेवढ्यात फोन वाजला. दिव्यश्रीनं पाहिलं. "ओरत्तनाडु," ती म्हणाली. "नको घेऊं?" त्यांनी हात पुढे केला. पडद्यावर अप्पाजीचं कपाळ दिसलं, मग छत, मग एका खोलीत दाटीनं बसलेली माणसं, पंधरा-वीस तरी असतील, चेन्नईची मंडळी पुढे, मांडीवर पोरं घेतलेली. "अण्णा, सगळे आले," अप्पाजी म्हणाला. "सांगा की आतां. शून्यमतीची गोष्ट."

दिव्यश्रीनं फोन बंद करायला हात उचलला. त्यांनी मानेनं नको म्हटलं आणि घसा साफ केला. मार्गळी महिन्यापासून सुरुवात केली. ठिपके सांगितले, वह्या सांगितल्या, आठशे वर्षं सांगितली. मग शाई लागलेला गाल, दिव्यातलं तेल, साखरेची वाटी. आवाज थकलेला होता, पण गोष्टीला आता आवाजाची गरज नव्हती, ती आपली आपण चालायची. साखरेपाशी ते नेहमीच्या जागी थांबले. ठसका काढून दाखवला नाही, तरी पलीकडे हसू फुटलं, आधी अप्पाजीचं, मग सगळ्यांचं, कुणीतरी मांडीवर थाप मारली, एक पोर हसणाऱ्यांकडे बघून हसायला लागलं. हनुमंतराव वाट पाहत राहिले. हसणं थांबायला बराच वेळ लागला, कारण सत्तावीस वर्षं त्यांनीच ती गोष्ट जमवली होती. अप्पाजी डोळे पुसत म्हणाला, "बरें अण्णा, ठेवतों मग."

"ठेवूं नकोस," हनुमंतराव म्हणाले, आणि त्यांनी चंद्रमतीची वही उघडून अठरा जुलैचं पान फोनसमोर धरलं. "संपली नाहीं अजून."